सुवार्ता सिस्टरच्या पाळीतले आकडे

परिचर्या संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत एक अख्खी भिंत आकड्यांची होती. खालच्या वॉर्डांत झोपलेल्या प्रत्येक रुग्णासाठी भिंतीवर एक चौकट, चौकटीत नाव आणि नावाखाली शून्य ते दहामधला एक आकडा. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखू शकत नाही. माणसाचं दुखणं आजवर ज्याचं त्यालाच ठाऊक असे, आता ते भिंतीवर दिसू लागलं होतं. डॉ. ऋजुता आडमुठे रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या भिंतीसमोर उभी राही आणि तिला मनातून फार बरं वाटे. हे समाधान तिने कमावलेलं होतं, त्यामुळे आपण तिला नावं ठेवायला नकोत.

ही किमया होती वेदनापट्टीची. कपाळावर बांधायची, दोन बोटं रुंद, मऊ पट्टी. तिच्यातून अवरक्त प्रकाश कवटीच्या आत जाई आणि थोडासा परत येई. परत आलेल्या प्रकाशावरून कपाळामागच्या मेंदूत रक्त कुठे धावतंय, कुठे थबकलंय ते कळे. त्या नकाशावरून आकडा काढायला संगणकाला शिकवलं होतं डॉ. इम्तियाज मुजावर या अभियंत्याने. शिकवायचं कसं, तर हजारो रुग्णांना पट्टी बांधून विचारायचं, "आत्ता किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा." रुग्ण आकडा सांगे आणि यंत्र तो मेंदूच्या नकाशाशी जोडून ठेवी. असं पुष्कळदा झाल्यावर यंत्र न विचारताच आकडा सांगू लागलं.

विचारण्याची बाजू ऋजुताची. ती आधी नर्स होती आणि मग संशोधक झाली. माहिती गोळा कशी करावी यातच तिने डॉक्टरेट मिळवली होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलींना तिने असं घोटून तयार केलं होतं की सगळ्या एकाच सुरात बोलत. शब्द तेच ठेवायचे, मान हलवायची नाही, हसायचं नाही, स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एकाच रुग्णाला दोघींनी पाठोपाठ स्वतंत्रपणे विचारलं तरी उत्तर तेच यायचं. परदेशातले तज्ज्ञसुद्धा हे पाहून चाट पडले होते.

तिची आई सुनंदाबाई त्या दिवसांत खालच्याच अस्थिविभागात होती. नहाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलावा लागला. ऋजुता रोज दुपारी भेटीच्या वेळेला जाऊन तिच्याजवळ बसे. आईच्या उशाजवळच्या छोट्या पडद्यावर आकडा दोन-तीनच्या आसपास असे आणि ऋजुता खुर्ची ओढून बसली की तो उतरत उतरत शून्यावर येई. वॉर्डातली तरुण सिस्टर तिला चिडवायची, "मॅडम, आजींना गोळ्या कशाला? तुम्हीच गोळी आहात." ऋजुता हसून विषय बदलायची, पण जिना चढताना तिचं पाऊल हलकं पडायचं. आईला दुखत नाही हे तिच्या स्वतःच्या यंत्राने सांगितलं होतं, मुलीला आणखी काय हवं?

वेदनाशामकाचा दिवसाचा डोसही याच दुपारच्या आकड्यावर ठरे. त्या वेळी सगळे रुग्ण जागे असतात, म्हणून ती वेळ निवडलेली. ही प्रथा केंद्राच्या रुग्णालयापुरती होती, पण आता राज्यभरच्या सरकारी रुग्णालयांत तीच लागू व्हायची होती. त्यासाठी एकच कागद उरला होता, पट्टी सप्रमाण असल्याचा, म्हणजे ती खरोखर दुखणंच मोजते असा दाखला. त्यावर सही ऋजुताची लागणार होती.

त्याच आठवड्यात इम्तियाज तिच्या टेबलाशी एक आलेख घेऊन आला.

"मॅडम, एक गंमत दाखवतो. गंमत म्हणजे, वाईट गंमत." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "पोटाच्या शस्त्रक्रियांचा वॉर्ड. दुपारची पाळी. या सिस्टर पलंगाजवळ गेल्या की आकडा चढतो. एखाद-दुसऱ्याचा नाही, जवळपास सगळ्यांचा. दुसरी नर्स गेली की चढत नाही."

सिस्टरचं नाव होतं सुवार्ता सातपुते. केंद्रात हे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळा. अंगाने भरलेली, गुडघ्यांनी गेलेली आणि जिभेने तिखट. तरुण डॉक्टरांनी हात न धुता ड्रेसिंगला हात लावला तर सुवार्ता सिस्टर त्यांची भर वॉर्डात हजेरी घ्यायच्या. त्यामुळे आलेख पाहून संचालकांना नवल वाटलं नाही. असं तोफखान्यासारखं बोलणं ऐकून रुग्णांचं दुखणं वाढणारच, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरच्या वॉर्डात वेदनाशामकंही सगळ्यात जास्त लागतात, हेही त्यांनी दाखवून दिलं. सिस्टरना वॉर्डातून काढून कपड्यांच्या भांडारात बसवायचं ठरलं. शिवाय दाखल्यात एक ओळ घालायची होती, की पट्टीने दुखणं तर मोजलंच, पण दुखणं वाढवणारी नर्सही शोधून दिली.

ऋजुताने सिस्टरना बोलावून घेतलं. त्या भांडतील अशी तिची खात्री होती, पण त्या भांडल्या नाहीत. खुर्चीत बसताना गुडघ्यावर हात दाबून कण्हल्या आणि त्यांनी आलेख जवळ ओढून घेतला.

"मॅडम, माझं तोंड वाईट हाय, मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पन माझ्या जवळ जान्यानं कुनाचं दुखनं वाढत असंल, तर मला नको तो वॉर्ड. चादरी मोजीन मी. चादरींना दुखत न्हाई."

त्या गेल्यावर ऋजुताला सही करवेना. रडणाऱ्याला गप्प करणं सोपं असतं, पण न रडता उठून जाणारं माणूस मागे काहीतरी ठेवून जातं. तिने संचालकांकडे थोडी मुदत मागितली. त्यांनी कुरकुरत दिली.

इम्तियाजला हे आवडलं नाही. पट्टी इतकी तपासून झाली, आता कसली शंका, असं तो म्हणाला. ऋजुताने त्याला त्याच्याच गल्लीतल्या भाजीवाल्याची आठवण करून दिली, ज्याच्याबद्दल तो रोज डबा खाताना तक्रार करायचा.

"त्याचा तराजू किलोमागे शंभर ग्रॅम मारतो, असं तुम्हीच सांगता ना? रोज मारतो?"

"रोज. न चुकता."

"म्हणजे तराजू विश्वसनीय आहे. दहा वेळा ठेवा, दहा वेळा तेच वजन दाखवेल. पण सप्रमाण नाही, कारण जे मोजायचं ते तो मोजतच नाही. आपण पट्टीची विश्वसनीयता तपासली, मुजावर सर. तीच तपासली आणि दोन्ही झालं असं समजलो."

"असं कसं? आपण पट्टी ताडून पाहिली ती रुग्णाच्या शब्दाशी. दुखणं त्याचं, शब्द त्याचा. याहून मोठं माप जगात आहे का?"

ऋजुताने मग तेच केलं, जे आकडे नव्हते तेव्हा नर्सेस करायच्या. ती पांढरा कोट काढून सिस्टरच्या वॉर्डात एका स्टुलावर जाऊन बसली आणि नुसती बघत राहिली. सिस्टरची बदली अजून कागदावरच होती.

समोरच्या पलंगावर तातोबा खोत होते. हळदीच्या पेठेत पोती वाहण्यात जन्म गेलेला, पित्ताशय काढलेलं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. एक नर्स आली, तिने नम्रपणे विचारलं, कसं वाटतंय. तातोबा म्हणाले, "बरं हाय की." आकडा एक. नर्स गेली. मुलाने समाधानाने मान हलवली आणि मोबाइल काढला.

आपल्याकडे 'कसं आहे?' हा मुळी प्रश्नच नसतो, तो नमस्कार असतो. नमस्काराला नमस्कारानेच उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर 'बरं आहे' हेच. सासूसमोर सून कण्हत नाही आणि मुलासमोर बाप विव्हळत नाही. कण्हलं तर मुलगा उद्याचा रोज बुडवून बसून राहील, हा हिशेब बापाच्या मनात कायम चालू असतो.

थोड्या वेळाने सुवार्ता सिस्टर आल्या. आल्या आल्या त्यांनी मुलाला गरम पाण्याचा थर्मास भरून आणायला पिटाळलं, सुनेला खालून बिस्किटं आणायला. मग नियम धाब्यावर बसवून चक्क पलंगाच्या काठावर टेकल्या आणि स्वतःचा गुडघा चोळत म्हणाल्या, "आईगं. तात्या, आज ह्या गुडघ्यानं जीव नकोसा केलाय बघा. रात्रभर डोळा न्हाई."

उशाजवळचा आकडा हलला. दोन, चार, सहा, सात. तातोबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग ते हळूच म्हणाले, "टाक्याखाली कोयता फिरतोय सिस्टर. सकाळपासनं."

"आनि आत्ता सांगतोय व्हय," सिस्टर कडाडल्या आणि औषधाचा ट्रे आणायला लंगडत गेल्या.

ऋजुता स्टुलावरून उठली ती थेट प्रयोगशाळेत. इम्तियाजला तिने एकच विचारलं, आपल्या मुली रुग्णांना आकडा विचारायच्या तेव्हा पलंगाशी आणखी कोण असायचं? तो म्हणाला, अर्थात नातेवाईक. नीतिसमितीचीच अट होती, रुग्णावर कसला दबाव येऊ नये म्हणून घरचं कोणीतरी शेजारी हवंच. प्रश्न विचारायला भेटीची वेळ त्यासाठीच तर निवडली होती.

बोलता बोलता तो थांबला. हुशार माणूस होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"म्हणजे आपण यंत्राला दुखणं शिकवलंच नाही," तो सावकाश म्हणाला. "माणूस घरच्यांदेखत किती सांगेल, ते शिकवलं. आणि कपाळामागचा मेंदू... दुखणं तिथेही पोचतं, पण बोलायचं की गिळायचं हा निवाडाही तिथेच होतो. यंत्राने तो निवाडा वाचायला घेतला. आपण जे उत्तर समोर ठेवलं, त्याच्याशी तोच जास्त जुळत होता."

"पट्टी दुखणं नाही मोजत. सांगण्याची तयारी मोजते," ऋजुता म्हणाली.

तरी इम्तियाजने घाईने मान डोलावली नाही, आणि हे त्याचं मोठेपण. त्याने दुसरी शक्यता मांडली. कदाचित सिस्टरच्या धाकाने खरंच दुखणं वाढत असेल, आकडाही खरा असेल. दोन्हीतलं खरं कोणतं, हे पट्टीला विचारून कळणार नाही. आरोपीलाच साक्षीदार करता येत नाही. दुसरं काहीतरी माप हवं, जे माणसाच्या भिडेवर चालत नाही.

ते माप ऋजुताला सापडलं, आणि ते प्रत्येक पलंगाशेजारीच पडलेलं होतं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना श्वास ओढून चेंडू वर उचलायची प्लास्टिकची नळी देतात. पोट दुखत असलं की खोल श्वास ओढवत नाही, माणसाने कितीही 'बरं हाय' म्हटलं तरी चेंडू खालीच राहतो. चेंडूला भीड नसते. दोघांनी रुग्णांची परवानगी घेऊन सिस्टर येण्याआधी एकदा आणि त्या पलंगावर टेकल्यावर, औषध देण्याआधी, एकदा नळी ओढायला लावली. सिस्टरमुळे दुखणं वाढत असेल तर चेंडू खाली यायला हवा होता.

आकडे एकावरून सातवर गेले. चेंडू होते तिथेच राहिले.

दुखणं तेवढंच होतं, सिस्टर येण्याआधीही आणि आल्यावरही. फक्त आधी ते झाकलेलं होतं. आणि ते उघडं पडल्यावर त्याच आकड्यावर औषध मिळायचं, म्हणून सिस्टरच्या वॉर्डातली माणसं लवकर कूस वळत, लवकर चालत, लवकर घरी जात. इतर वॉर्डांत आकडे सुंदर होते आणि माणसं लाकडासारखी पडून होती. हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं, पण भिंत इतकी छान दिसत असताना वॉर्डात कोण कशाला बघेल?

ऋजुताने दाखल्याऐवजी अहवाल लिहिला. संचालक भडकले. राज्यभर नाचक्की होईल म्हणाले, तुमच्याच पद्धतीत खोट निघाली हे तुम्हीच ओरडून सांगणार का, असंही म्हणाले. ती म्हणाली, हो. डोस आकड्यावर ठरवणं त्याच दिवशी थांबवायला हवं, आणि अहवाल दाबला तर तो ती स्वतः आरोग्य खात्याला पाठवील. अहवाल गेला, आकड्यावर डोस ठरवणं थांबलं. सुवार्ता सिस्टरची बदली रद्द झाली. ऋजुता ते सांगायला गेली आणि तुम्ही हे नेमकं करता कसं, म्हणून तिने विचारलं. सिस्टरना प्रश्नच कळला नाही.

"मी कुटं काय करते मॅडम? माझा गुडघाच दुखतो."

पट्टी मात्र टाकून द्यायची नाही, असं दोघांचं ठरलं. तिचा आकडा उलट वाचायचा. ज्याच्या येण्याने आकडा चढतो, त्याच्याजवळ रुग्ण मन मोकळं करतो. ज्याच्या येण्याने उतरतो, त्याच्यापासून लपवतो. इम्तियाजने ही सूचना चार ओळींत लिहून सगळ्या वॉर्डांना पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता नेहमीच्या वेळी आईकडे गेली. कित्येक दिवसांनी तिचं डोकं शांत होतं. दारात तरुण सिस्टर उभी होती. रोज चिडवणाऱ्या त्या पोरीने आज नुसतं ऋजुताकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ऋजुताला वाटलं, वॉर्डात काही बिनसलं असेल.

ती खुर्ची ओढून बसली. "आई, कसं वाटतंय?"

"बरं आहे की गं. तू जेवलीस का?"

उशाशी आकडा तीनवरून दोनवर आला, एकवर आला, शून्यावर थांबला. सवयीने ऋजुताच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच थिजलं.

शून्य. ती आल्यावर शून्य, रोज शून्य. आणि इतके दिवस याच वेळेचा आकडा औषध ठरवायला जात होता. सगळं जग सोडून आई जिच्यापासून सर्वांत जास्त लपवत होती ती ही, आणि ती रोज नेमून दिल्यासारखी येऊन आईच्या वाट्याचं औषध बंद करून जात होती. हलक्या पावलांनी जिना चढत होती.

तिने आईकडे पाहिलं. आकडा न बघता, नुसतं आईकडे. दोन्ही हातांनी चादरीची कड घट्ट धरलेली, कपाळावर पट्टीच्या खाली घामाचे थेंब, आणि चेहऱ्यावर मुलीसाठी नीट लावून ठेवलेलं हसू. हे सगळं कालही होतं.

"खरं सांग" असं म्हणून उपयोग नव्हता. विचारून आकडा वर येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ऋजुता खुर्चीवरून उठली आणि पलंगाच्या काठावर टेकली.

"आई, माझं डोकं रोज दुखतंय," ती म्हणाली. "तू पडलीस तेव्हापासून. गोळी घेतल्याशिवाय वर काम होत नाही. तुला सांगितलं नाही, तू काळजी करत बसशील म्हणून."

सुनंदाबाईंचं हसू सुटलं. त्यांनी चादर सोडून हात मुलीच्या कपाळावर ठेवला. "एवढं दुखतंय आणि बोलली नाहीस व्हय गं?"

"रडू येतं कधी कधी. मग तोंड धुऊन तुझ्याकडे येते."

आईचा हात तसाच कपाळावर होता. तिच्या खांद्यावरून ऋजुताला उशाजवळचा पडदा दिसत होता. शून्य होता तो एक झाला, मग तीन, मग पाच. ऋजुताने श्वास रोखून धरला होता. आपल्या आईचं दुखणं वाढताना पाहून इतका जीव भांड्यात पडेल, असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"ऋजू," आई शेवटी म्हणाली आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा फुटला. "लई दुखतंय गं मला. पहिल्या दिवसापासनं."

आकडा आठवर जाऊन थांबला. ऋजुताने एका हाताने आईला धरलं आणि दुसऱ्याने औषधासाठी घंटा वाजवली.